पट तुमचा, पत्ते तुमचे, पंचही तुमचेच

मा. ख्रिस कॉक्स,
मुख्य कार्यकारी अधिकारी, हॅस्ब्रो, अमेरिका



आपल्या कंपनीच्या ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळाविषयी, आणि त्यातही हा खेळ खेळून संसार चालवू पाहणाऱ्या मूठभर माणसांविषयी हे पत्र आहे. ते आपल्याच नावे लिहिण्याचं कारण सरळ आहे. 2016 पासून आपण हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्टचे अध्यक्ष होता आणि 2022 पासून तिच्या मालक कंपनीची, म्हणजे हॅस्ब्रोची सूत्रं आपल्या हाती आहेत. या खेळातल्या सर्वोत्तम खेळाडूंना वर्षाचा करार मिळाला तो आपल्या कारकिर्दीत, आणि तो गुंडाळला गेला तोही आपल्याच कारकिर्दीत. महाराष्ट्रातल्या वाचकांना मॅजिकपेक्षा पोकेमॉनचे पत्ते जास्त परिचयाचे असतील. (2003 पर्यंत इंग्रजीतले पोकेमॉनचे पत्तेही विझार्ड्सच छापत असे, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं.) पण मला जे म्हणायचं आहे ते कोणत्याही एका पत्त्यापुरतं नाही. ज्या खेळाचा मालक एकच कंपनी असते, त्या खेळातली कारकीर्द त्या कंपनीने दिलेल्या लेखी वचनाइतकीच टिकाऊ असते. आपण खेळाडूंना पैसे दिले, मंच दिला, कौतुक केलं; वचन मात्र आजवर दिलेलं नाही, आणि ते द्यायला हवं असं माझं म्हणणं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ ऑगस्ट 1993 मध्ये बाजारात आला. रमीत किंवा ब्रिजमध्ये तेच बावन्न पत्ते सगळ्यांचे असतात. इथे प्रत्येक खेळाडू आपला डेक घरून बांधून आणतो, निदान साठ पत्त्यांचा, आणि ते साठ पत्ते आजवर छापलेल्या हजारो वेगवेगळ्या पत्त्यांमधून निवडलेले असतात. वर्षातून अनेकदा नवा संच येतो आणि कालचं शहाणपण शिळं होतं. फेब्रुवारी 1996 मध्ये न्यूयॉर्कला पहिली प्रो टूर भरली आणि रोख बक्षिसांची मोठी स्पर्धा सुरू झाली. आजही प्रो टूरचा पहिला दिवस ड्राफ्टने उजाडतो. एका टेबलाभोवती आठ जण बसतात, प्रत्येकापुढे तीन बंद पाकिटं. पहिलं पाकीट फोडायचं, एक पत्ता ठेवायचा, उरलेले डावीकडच्याकडे सरकवायचे. उजवीकडून आलेल्या गठ्ठ्यातून पुन्हा एक. दुसरं पाकीट उलट्या दिशेने फिरतं. तोंडातून चकार शब्द काढायचा नसतो. शेजारी कोणता रंग गोळा करतोय हे त्याने पुढे न पाठवलेल्या पत्त्यांवरून ओळखायचं, आणि जमलेल्या पत्त्यांतून चाळीसचा डेक बांधून तीन फेऱ्या खेळायच्या. मग घरून आणलेल्या डेकवर पाच फेऱ्या. दुसऱ्या दिवशी हाच क्रम. दोन दिवसांत सोळा फेऱ्या झाल्या की पहिले आठ जण अंतिम दिवसासाठी उरतात. यासाठी लागणारी स्मरणशक्ती, संभाव्यतेचा अंदाज आणि चिकाटी पाहिली की याला पोरखेळ म्हणायची हिंमत होत नाही.

आता या कारकिर्दीचा हिशेब मांडू या. या खेळात नशिबाचा वाटा इतका आहे की जगातले नावाजलेले खेळाडूसुद्धा प्रो टूरवर साधारण दहापैकी सहा सामने जिंकतात. त्याहून थोडं अधिक जमलं तर तो दिग्गज. सोयीसाठी साठ टक्के धरू. सोळा फेऱ्यांत बारा किंवा अधिक विजय मिळाले तर पहिल्या आठांत पोचण्याची आशा करता येते. साठ टक्के जिंकणाऱ्याला हे साधण्याची शक्यता सहात एक निघते. वर्षाला तीन प्रो टूर धरल्या तर सरासरी दोन वर्षांतून एकदा. तिथून विजेतेपदासाठी आणखी तीन सामने ओळीने जिंकायचे, म्हणजे पाचात एक. दोन्हींचा गुणाकार केला तर अठ्ठावीस स्पर्धांमागे एक विजेतेपद, अर्थात नऊ वर्षांत एकदा. तेही प्रत्येक स्पर्धेची पात्रता दरवेळी मिळत राहिली असं मानून. अंतिम दिवसाचे सामने जास्त डावांचे असतात, त्यामुळे हा आकडा थोडा सुधारेल, पण चित्र तेच राहील. 2023 पासूनच्या प्रो टूरचं पहिलं बक्षीस पन्नास हजार डॉलर आहे. नऊ वर्षांतून एकदा मिळणारे पन्नास हजार डॉलर आणि अधूनमधून किरकोळ बक्षिसं एवढ्यावर सिॲटल किंवा माद्रिदमध्ये कुणाचं घरभाडं निघत नाही.

मग ही माणसं जगली कशावर? बहुतेक जण पत्ते विकणाऱ्या दुकानांच्या संकेतस्थळांवर लेख लिहून, पुढे खेळ थेट प्रक्षेपित करून जगले. काहींनी हेच डोकं दुसरीकडे नेलं. जॉन फिंकल 2000 साली ब्रुसेल्सला विश्वविजेता झाला आणि नंतर न्यूयॉर्कच्या हेज फंडांच्या जगात गेला. डेव्हिड विल्यम्सने 2004 साली पोकरच्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत दुसरा येऊन पस्तीस लाख डॉलर मिळवले; मॅजिकच्या पटावर एवढी रक्कम कधी कुणाच्या वाट्याला आली नाही. आणि काहींना आपण नोकरीवर घेतलंत. रँडी ब्युलर हा प्रो टूर जिंकलेला, ॲरन फोर्सिथ हा अमेरिकेच्या संघातून खेळलेला. दोघांनी पुढे विझार्ड्समध्ये नवे पत्ते घडवण्याचं काम सांभाळलं. स्पर्धेच्या मुशीतून निघालेल्या माणसांनीच आपला माल तीस वर्षं ताजा ठेवला आहे, हे आपल्या ताळेबंदात कुठे दिसणार नाही, पण ते खरं आहे.

याच माणसांना आपल्या कंपनीने काय सांगितलं आणि काय केलं, हे एका ओळीत ठेवून पाहिलं पाहिजे. 2005 मध्ये खेळाडूंची श्रेणीव्यवस्था सुरू झाली आणि त्याच वर्षी ‘हॉल ऑफ फेम’ही. वरच्या श्रेणीला प्रो टूरला नुसतं हजर राहण्याचे पैसे मिळू लागले, म्हणजे नशिबाच्या लहरीवर थोडा उतारा मिळाला. एप्रिल 2016 मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीचं हे मानधन तीन हजार डॉलरवरून अडीचशे डॉलरवर आणल्याची घोषणा झाली. ज्यांनी आधीचं पूर्ण वर्ष विमानं पकडून ती श्रेणी कमावली होती, त्यांच्यावर ती कपात लागू होणार होती. ओरड झाली, आणि काही दिवसांतच कंपनीने त्या हंगामापुरता निर्णय मागे घेतला. डिसेंबर 2018 मध्ये याच्या अगदी उलट बातमी आली : बत्तीस खेळाडूंची ‘मॅजिक प्रो लीग’, प्रत्येकाला वर्षाला पंचाहत्तर हजार डॉलरचा करार, आणि 2019 साठी एकूण एक कोटी डॉलर. अनेकांनी ते गांभीर्याने घेतलं आणि आयुष्याचे बेत त्यावर आखले. मे 2021 मध्ये लीग बंद करण्याची घोषणा झाली. मधल्या काळात प्रो टूरचं नाव ‘मिथिक चॅम्पियनशिप’ झालं, मग ‘प्लेयर्स टूर’ झालं, मग संचांच्या नावाच्या चॅम्पियनशिप झाल्या आणि 2023 मध्ये फिलाडेल्फियाला पुन्हा प्रो टूर अवतरली. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्राझीलच्या पाउलो व्हितोर दामो दा रोझाने होनोलुलूत विश्वविजेतेपद जिंकलं तेव्हा पहिलं बक्षीस तीन लाख डॉलर होतं. 2023 च्या विश्वविजेत्याला एक लाख मिळाले. महासाथीचं निमित्त मला मान्य आहे, त्या दोन वर्षांत कुणाचंच काही धड चाललं नाही. पण 2016 ची घोषणा महासाथीची नव्हती, आणि पैशाने तोललेला 2018 चा उत्साहही नव्हता.

इथे कुणी म्हणेल की खेळाच्या संस्था सगळीकडेच लहरी असतात. असतात, पण तिथे खेळाडूला दुसरं दार असतं. मॅजिक जन्माला आलं त्याच 1993 मध्ये गॅरी कास्पारोव्ह आणि नायजेल शॉर्ट यांनी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेशी फारकत घेतली आणि जगज्जेतेपदाची लढत लंडनमध्ये वेगळ्या संघटनेच्या नावाखाली खेळून दाखवली. बुद्धिबळ कुणाच्या बापाचं नाही, म्हणून ते शक्य झालं. 1977 मध्ये केरी पॅकर या ऑस्ट्रेलियन उद्योजकाने जगातले निवडक क्रिकेटपटू वेगळ्या मालिकेत नेले आणि मग मंडळांना खेळाडूंच्या मोबदल्याचा विचार करावा लागला. क्रिकेटच्या नियमांचा हक्क लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबकडे आहे हे खरं, पण तो क्लब बॅट विकत नाही, पंच नेमत नाही आणि दर तीन महिन्यांनी नवा चेंडू काढून जुना बाद ठरवत नाही. आपल्याकडे हे सगळं एका छताखाली आहे. सप्टेंबर 2018 मध्ये गेरी थॉम्पसन या खेळाडूला व्यावसायिकांना मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध करायचा होता, तेव्हा त्याच्या हाती एकच हत्यार होतं : पात्र ठरूनही जागतिक अजिंक्यपदाला बसायचं नाही. तो बसला नाही. स्पर्धा त्याच्याशिवाय झाली.

मालकी किती खोल जाते याचं एक उदाहरण पुरेसं आहे. जून 2024 मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रो टूरवर ‘नाडू, विंग्ड विस्डम’ या पत्त्याच्या डेकनी धुमाकूळ घातला आणि डेन्मार्कचा सायमन नील्सन त्याच डेकवर जिंकला. ऑगस्टअखेर त्या पत्त्यावर बंदी आली. तो पत्ता घडवणाऱ्या आपल्याच माणसाने नंतर लिहून टाकलं की शेवटच्या टप्प्यात पत्त्यावरचा मजकूर बदलला आणि तो बदल खेळून पाहायला वेळ उरला नाही. या प्रांजळपणाचं मला कौतुक आहे आणि बंदीही योग्यच होती. प्रश्न वेगळा आहे. जो खेळाडू महिनोन्‌महिने एका पत्त्याभोवती अभ्यास रचतो, त्याच्या श्रमांची किंमत एका दुपारच्या घोषणेने शून्य होऊ शकते, आणि तरी तो तक्रार करत नाही, कारण खेळ निकोप राहावा असं त्यालाही वाटतं. पत्त्यांच्या बाबतीत इतकी अनिश्चितता निमूट सोसणाऱ्या माणसाला निदान हंगामाच्या बाबतीत तरी निश्चितता मिळायला हवी की नको?

आपली बाजू मला दिसत नाही असं नाही. सर्वांत सबळ आक्षेप धंद्याचा आहे. मॅजिकचा खप स्पर्धक वाढवत नाहीत. घरी चार मित्र जमवून ‘कमांडर’ खेळणारे, संग्राहक आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ किंवा ‘फायनल फँटसी’च्या नावाने पाकीट उचलणारे वाढवतात. प्रो लीग गुंडाळल्यावरच, 2022 मध्ये, मॅजिक हॅस्ब्रोचा एक अब्ज डॉलर महसूल ओलांडणारा पहिला ब्रँड ठरला, हे आपण सहज दाखवून देऊ शकता. 1999 मध्ये हॅस्ब्रोने सव्वातीनशे दशलक्ष डॉलर मोजून आख्खी विझार्ड्स विकत घेतली होती. 2022 मध्ये एका वर्षात एका खेळातून त्याच्या तिप्पट आले, आणि त्यात व्यावसायिक खेळाडूंचा हात नगण्य आहे, असं म्हणता येईल. मी हे मान्य करतो. फक्त त्याच ताळेबंदाची दुसरी बाजूही पाहू. 2023 मध्ये तीन प्रो टूरना प्रत्येकी पाच लाख आणि जागतिक अजिंक्यपदाला दहा लाख, असे मिळून पंचवीस लाख डॉलर बक्षिसांना होते. आधीच्या वर्षाच्या विक्रीशी ताडलं तर शंभर रुपयांमागे चार आणे. एवढ्या खर्चात वर्षभराच्या प्रक्षेपणाला चेहरे मिळतात, गावोगावच्या दुकानांत शुक्रवारी संध्याकाळी खेळणाऱ्या पोरांना वर जायची शिडी दिसते, आणि नवा संच चांगला की वाईट याची जगातली सर्वांत कठोर परीक्षा आयती होते. रक्कम वाढवा असा माझा हट्टही नाही. चार आणेच द्या, पण ते किती वर्षं देणार ते आधी सांगा.

दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. यांना कुणी आमंत्रण दिलं होतं? धोका पत्करला, आता भोगा. हे म्हणणं 2018 पूर्वी चाललं असतं. पंचाहत्तर हजारांचे करार जाहीर करून, त्या बत्तीस जणांना मंचावर उभं करून, याला आता व्यावसायिक खेळ म्हणा असं आपणच जगाला सांगितलं. आमंत्रण आपलं होतं. महाराष्ट्रात कूळ आणि जमीनमालक यांचा जुना वाद आहे. कसणाऱ्याला जमीन द्या इतकं टोकाचं मागणं मी इथे करत नाही, कारण पत्ते आपण घडवलेत, जमिनीसारखे ते आधीपासून नव्हते. पण कुळालाही पावती मिळे आणि रीतसर नोटिशीशिवाय त्याला बांधावरून उठवता येत नसे. त्या पावतीइतकं मागणं तरी अवाजवी म्हणता येणार नाही.

नशिबाचा आक्षेप मी लवकर आटोपतो. जिथे ऐन डावात हवा तो पत्ता आला नाही म्हणून विश्वविजेताही नवख्याकडून हरतो, तिथे कारकीर्द कसली, असं विचारतात. जर्मनीच्या काई बुडेने सात प्रो टूर जिंकल्या. निव्वळ दैवाने सात वेळा कुणी जिंकत नाही. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं, आणि रमीत तर डेक बांधायचा प्रश्नच नसतो. उलट नशीब आहे म्हणूनच वर मांडलेलं गणित इतकं निष्ठुर होतं, आणि म्हणूनच हजेरीच्या मानधनासारखी व्यवस्था ही खैरात न ठरता खेळाच्या स्वभावातून निघालेली गरज ठरते. स्वतंत्र आयोजक स्पर्धा भरवतात, खेळाडूंनी तिकडे जावं, असाही एक सल्ला असतो. त्या स्पर्धाही आपल्याच पत्त्यांवर आणि आपल्या मर्जीवर चालतात. त्यांना दुसरं दार म्हणणं म्हणजे त्याच वाड्याची खिडकी दाखवणं आहे.

हे सगळं मराठी वाचकाला कशासाठी? आमच्याकडे हा प्रश्न दारात उभा आहे म्हणून. जुलै 2022 मध्ये ‘बीजीएमआय’ हा मोबाइलवरचा खेळ सरकारी आदेशाने भारतातल्या ॲप स्टोअरवरून गेला आणि मे 2023 मध्ये परत आला. मधले दहा महिने तो खेळून कमावणारी मुलं हात चोळत बसली. खेळ कोरियातल्या कंपनीचा, बंदी दिल्लीची, आणि ज्यांची रोजी गेली त्यांना दोन्हीकडे आवाज नव्हता. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला, त्यात पैशांच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता आहे. मान्यता आल्यावर पुण्या-नागपुरातली मुलं आईबापांना सांगणार की हे आता करिअर आहे. मालकी एका कंपनीची असलेल्या खेळात करिअरचं काय होतं, याचा तीस वर्षांचा दाखला जगात मॅजिकइतका पूर्ण कुठेच नाही. जे आपण कराल, त्याकडे इतर कंपन्या बोट दाखवतील.

म्हणून माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही. स्पर्धांची रचना, पात्रतेची वाट आणि बक्षिसांची किमान रक्कम तीन हंगाम आधी जाहीर करा आणि ती खाली आणायची झाली तर चालू हंगामात कमावलेल्या कुठल्याही हक्काला हात लावू नका. 2016 मध्ये जे दबावाखाली केलंत ते नियम म्हणून लिहून ठेवा. खेळाडूंनी स्वतः निवडलेले दोन-तीन प्रतिनिधी असे निर्णय ठरण्यापूर्वी, निदान ऐकून घेण्यासाठी, समोर बसवा. अमेरिकेत भरणाऱ्या स्पर्धेसाठी भारतातल्या, फिलिपिन्समधल्या किंवा ब्राझीलमधल्या पात्र खेळाडूला व्हिसाचं पत्र इतकं आधी द्या की त्याचा उपयोग होईल. आणि ‘हॉल ऑफ फेम’ची निवड, जी 2019 मध्ये रीड ड्यूक या खेळाडूच्या नावानंतर थांबली, ती पुन्हा सुरू करा. एका फलकाचा आणि एका संध्याकाळच्या जेवणाचा खर्च हॅस्ब्रोला जड नाही. यांतलं काहीच जमणार नसेल, तर आपल्या जाहिरातींत आणि प्रक्षेपणात यापुढे या खेळाला पेशा म्हणू नका. उत्तम छंद म्हणा, तो आहेच. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर कराल तेव्हा त्यासोबत त्यापुढच्या दोन हंगामांचंही करा, एवढी विनंती.